'अटेंड' आणि 'अटेंड टू' : मिरजेच्या नर्सताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आहे. मिरजेच्या एका हॉस्पिटलमधे सहा वर्षं काम केलेल्या ताई परदेशी जायच्या तयारीत आहेत, नर्स-डॉक्टरांसाठी इंग्रजीची जी ओईटी परीक्षा असते तिचा अभ्यास चाललाय. सरावाच्या पत्रात त्यांनी तीन वाक्यं लिहिली. 'आय अटेंडेड टू द वॉर्ड मीटिंग.' 'आय अटेंडेड द वूंड.' आणि 'द अटेंडंट वॉज काउन्सेल्ड.' तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ आली. मग त्यांनी डिक्शनरी उघडली तर तिथं हजर राहणे, लक्ष देणे, सेवा करणे, सोबत असणे, पाठोपाठ येणे असे सात-आठ अर्थ. त्या विचारतायत, ह्यातला खरा कुठला धरायचा आणि तो टू नेमका कधी लावायचा.

ताई, मी सांगलीत विश्रामबागेला बावीस वर्षं इंग्रजी शिकवते, त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारख्या नर्सनाच शिकवण्यात गेली, आणि बाकीच्या वेळात कोर्टाचे आणि हॉस्पिटलचे कागद मराठीतून इंग्रजीत करून देते. ह्या एका शब्दावर मी जेवढ्या लाल रेघा मारल्यात तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच शब्दावर मारल्या नसतील, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची चूक कुठून आली ते बघू, कारण ती तुमच्या एकटीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आपण मराठीत म्हणतो 'मीटिंगला गेले'. तो 'ला' डोक्यात असतो, आणि ला म्हणजे टू हे आपल्याला पाचवीपासून पाठ झालेलं असतं, मग हात आपोआप लिहितो 'अटेंडेड टू द मीटिंग'. उलट जखमेचं काय म्हणतो आपण, 'जखम बघितली, ड्रेसिंग केलं'. इथं ला नाही म्हणून इंग्रजीतही टू टाकला जात नाही. म्हणजे मराठीत जिथं ला आहे तिथं इंग्रजीत काही नको, आणि मराठीत जिथं काही नाही तिथं इंग्रजीत टू पाहिजे. अगदी उलटं. त्यामुळं ला बघून टू लावायची सवय ह्या एका शब्दापुरती तरी सोडून द्या.

त्याऐवजी असं करून बघा. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि त्यात 'हजर राहिले' बसतंय का 'कडे लक्ष दिलं' बसतंय ते तपासा. मीटिंगला हजर राहिले, लग्नाला हजर राहिले, क्लासला हजर राहिले, तर नुसतं अटेंड. जखमेकडे लक्ष दिलं, तक्रारीकडे लक्ष दिलं, रडणाऱ्या पोराकडे लक्ष दिलं, तर अटेंड टू. 'जखमेला हजर राहिले' असं आपण मराठीत कधी म्हणणार नाही, तसंच इंग्रजी माणसाला 'अटेंडेड द वूंड' ऐकताना वाटतं. आणि 'अटेंडेड टू द मीटिंग' म्हटलं तर त्याला वाटतं की मीटिंगमधे काहीतरी बिघडलं होतं आणि ते तुम्ही जाऊन निस्तरलं.

दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर काम भागतं. पण तुम्ही खरा अर्थ कुठला असं विचारलंय, आणि तो प्रश्न मला मनापासून आवडला, म्हणून आता मुळाशी जाते.

हा शब्द लॅटिनमधून आला, जुन्या फ्रेंचमधून फिरून १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरला. लॅटिनमधे 'आद' म्हणजे कडे आणि 'तेंदेरे' म्हणजे ताणणे. कशाकडे तरी स्वतःला ताणून नेणं, मन तिकडं ओढून धरणं, हा मूळ अर्थ. टेन्शन, एक्स्टेंड, इंटेंड, तंबूचा टेंट, हे सगळे ह्याच घरातले. आणि ताई, मिरजेच्या माणसाला तर हे फार लवकर कळायला पाहिजे, कारण लॅटिनचा तो तेंदेरे आणि संस्कृतचा 'तन्' धातू एकाच मुळाचे आहेत. आपलं ताणणं, ताण, तंतू, गाण्यातली तान, तंतुवाद्य हे सगळं त्या तन् मधून आलं. इंग्रजीतला टोन सुद्धा ग्रीकमधून आलेला त्याच मुळाचा, ताणलेल्या तारेचा आवाज तो टोन. मिरजेची सतार आणि तानपुरा ह्यांना २०२४ मधे भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले सतारमेकर तार खुंटीला लावून ताणत असतात तेव्हा कान कसा त्या तारेकडे लावलेला असतो, हात तिथं, डोळा तिथं, दुसरं काही सुचत नाही, ते जर कधी बघितलं असेल तर अटेंड टू म्हणजे काय हे मला वेगळं सांगायला नको. ढिल्या तारेतून सूर निघत नाही. मनाचं तेच आहे.

तर मूळ अर्थ लक्षाचा, मनाचा. अंग तिथं नेऊन बसवायचा, सभेला हजर राहायचा अर्थ मागाहून वाढला. ज्याच्याकडे मन ताणलंय त्याच्याजवळ माणूस थांबतो, जवळ थांबला की वाट बघतो, सेवा करतो, सोबत जातो, आणि शेवटी नुसता तिथं असला तरी चालतं. असा तो अर्थ पायरी पायरीनं खाली उतरत आलाय. शेजारच्या भाषांत वेगवेगळ्या पायऱ्या टिकून राहिल्या. फ्रेंचमधे 'अताँद्र' म्हणजे आज फक्त वाट बघणे. स्पॅनिशमधे 'आतेंदेर' म्हणजे लक्ष देणे, गिऱ्हाईक बघणे, आणि सभेला हजर राहायला तिथं वेगळाच शब्द आहे. इंग्रजीनं मात्र वाट बघणं जवळजवळ टाकून दिलं आणि बाकीचं सगळं एकाच शब्दात कोंबून ठेवलं, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे सांगायला तो टू ठेवला. म्हणून टू ला किरकोळ समजू नका. टू असला तर मन, टू नसला तर अंग, असं मी मुलांना सांगते. शंभर टक्के शास्त्रशुद्ध नाही हे, पण परीक्षेच्या घाईत उपयोगी पडतं.

आता आपल्याकडे बघा. हे अंग आणि मन मराठीत दोन वेगळ्या शब्दांत आहे, हजर आणि लक्ष. हजर अरबीतून आला. त्याच अरबी धातूचा हुजूर, म्हणजे समोर असणं, थोरामोठ्यांची समक्षता. आणि त्या हुजुरात जो कायम उभा असायचा तो हुजऱ्या. साताऱ्याच्या गादीचे, आमच्या सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचे हुजरे जुन्या कागदांत जागोजागी भेटतात, आणि मला अशा कागदाचं भाषांतर करायला आलं की हुजऱ्याला इंग्रजीत लिहायला एकच शब्द बरोबर बसतो, अटेंडंट. अटेंड वरून अटेंडंट, हुजूर वरून हुजऱ्या. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नसताना दोघांनी एकच वाट धरली ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. राजाच्या दिमतीला असणं ह्याला इंग्रजीत 'अटेंड ऑन' किंवा 'अटेंड अपॉन' म्हणतात. हा अर्थ जुना झालाय, तुम्हाला पत्रात लागणार नाही, पण वाचताना राजाराणीच्या संदर्भात 'इन अटेंडन्स' असं कुठं दिसलं तर दिमतीला हा शब्द आठवा, बरोबर अर्थ लागेल.

आणि लक्षाच्या बाजूला आपल्याकडे अजून एक सुंदर शब्द आहे, अवधान. कीर्तनात बुवा अवधान मागतात ते हे. स अधिक अवधान म्हणजे सावधान, लक्षासकट. पोलिस परेडवर इंग्रजीत अटेन्शन म्हणतात तिथं आपण सावधान म्हणतो, म्हणजे भाषांतर करणाऱ्यानं अगदी अचूक केलंय. तोच सावधान लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी येतो, आणि समर्थ रामदासांची गोष्ट तर सज्जनगडाच्या पायथ्याचं पोरगंही सांगेल, की बोहल्यावर उभं असताना सावधान ऐकलं आणि ते मंडपातून निघून गेले. मी ही गोष्ट वर्गात नेहमी सांगते, कारण अटेंडचे दोन्ही अर्थ त्यात समोरासमोर आहेत. मंडपात शेकडो माणसं लग्न अटेंड करत होती. त्या एका शब्दाला अटेंड टू एकट्यानंच केलं. एवढं सांगितलं की त्या वर्गातलं पोरगं टू परत चुकत नाही.

आता हॉस्पिटल. तुमचं खरं काम इथं आहे, आणि धोकाही इथंच आहे, कारण हॉस्पिटलमधे हा शब्द देशागणिक बदलतो.

तुमच्या तिसऱ्या वाक्यातला अटेंडंट बघा. आपल्याकडे मिरजेत, सांगलीत, कुठंही, अटेंडंट म्हणजे पेशंटजवळ राहणारा घरचा माणूस. जतवरून, अथणीवरून पेशंट येतो त्याच्यासोबत भाकरी बांधून घेऊन आलेली मावशी, भाऊ, सून, हे सगळे अटेंडंट. 'पेशंटचे अटेंडंट कोण?' असं वॉर्डात दिवसातून वीस वेळा ओरडलं जातं. १८९४ मधे डॉ. वानलेस ह्यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून ह्या गावात पेशंटबरोबर आख्खं घर येण्याची रीत आहे, त्यामुळं हा शब्द आपल्या तोंडात घट्ट बसलाय. पण इंग्लंडमधे अटेंडंट म्हटलं की समोरच्याला पगारी नोकर आठवतो, कार पार्किंगचा किंवा म्युझियमचा. तुम्ही अटेंडंटचं समुपदेशन केलं असं लिहिलंत तर परीक्षकाला प्रश्न पडणार की वॉर्डातल्या कामगाराला कशाला समजावलं? तिथं सरळ नातं लिहा, द पेशंट्स डॉटर, द पेशंट्स वाइफ. नातं माहीत नसेल तर रिलेटिव्ह. घरी काळजी घेणारं माणूस असेल तर केअरर. कागदोपत्री जवळचं नातं असेल तर नेक्स्ट ऑफ किन.

अमेरिकेत अजून वेगळं. तिथं 'द अटेंडिंग' असं नुसतं म्हटलं तर तो मोठा डॉक्टर, शिक्षण संपवून पेशंटची जबाबदारी घेणारा, ज्याच्या हाताखाली रेसिडेंट असतात. तोच इंग्लंडमधे कन्सल्टंट. आणि आपल्याच सरकारी कागदात बघायचं तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय नियम १९४४ चे आहेत, त्यात 'ऑथोराइज्ड मेडिकल अटेंडंट' असा शब्द येतो, आणि तो चक्क डॉक्टर आहे. एका रिटायर्ड पोस्टमास्तर काकांचा क्लेम मी भाषांतरासाठी घेतला होता, त्यात आधी कुणीतरी मराठी प्रत करताना तिथं 'परिचर' लिहिलेलं, म्हणजे वॉर्डबॉयनं सर्टिफिकेट दिलं असा अर्थ झाला, आणि त्या एका शब्दापायी काकांचे तीन हेलपाटे झाले. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. एवढ्या वयाच्या माणसाला एका शब्दासाठी एवढं फिरवायला नको होतं.

बाळंतपणातला अटेंडंट अजून वेगळा. 'बर्थ अटेंडंट' म्हणजे बाळंतपण करणारी. 'ट्रॅडिशनल बर्थ अटेंडंट' म्हणजे आपली गावची सुईण, 'स्किल्ड बर्थ अटेंडंट' म्हणजे शिकलेली, तुम्ही स्वतः त्यात येता. इथं अटेंडंट हा कमीपणाचा शब्द नाही. आणि 'शी अटेंडेड द डिलिव्हरी' ह्यात टू नाही हे बघून ठेवा, कारण डिलिव्हरीच्या वेळी तिथं असणं आणि ती करणं ह्यात एकत्रच येतं. 'द डॉक्टर अटेंडेड द पेशंट' हेही टू शिवाय बरोबर आहे, थोडं औपचारिक, म्हणजे तो पेशंट त्या डॉक्टरांच्या हाताखाली होता. 'अटेंडेड टू द पेशंट' म्हटलं तर त्या वेळी पेशंटला जे लागत होतं ते केलं. सलाईन संपलं होतं, बघितलं. श्वास लागला होता, बघितलं. माणसाच्या बाबतीत दोन्ही चालतं, फरक बारीक आहे. जखम, ड्रेन, कॅथेटर, बेल ह्या निर्जीव गोष्टींना मात्र टू पाहिजेच.

इंग्लंडमधे पेशंटही अटेंड करतो, हे आपल्या पोरींना सगळ्यात नवीन असतं. 'द पेशंट अटेंडेड ए अँड ई' म्हणजे पेशंट स्वतः कॅज्युअल्टीत आला. आपण म्हणतो पेशंटला अटेंड केलं, ते म्हणतात पेशंटनं अटेंड केलं. पहिल्यांदा वाचलं की कोण कुणाला बघतंय तेच कळत नाही. आणि अपॉइंटमेंट घेऊन पेशंट आला नाही तर नोट्सवर तीन अक्षरं लिहितात, डी एन ए. डिड नॉट अटेंड. माझी एक विद्यार्थिनी तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं ओपीडीच्या यादीत चार नावांपुढं डीएनए बघितलं आणि तिला वाटलं चौघांची जनुकीय तपासणी आहे, ती सॅम्पलच्या नळ्या शोधत बसली. रात्री मला फोन केला तर आवाज रडवेला. मी तिला म्हटलं अगं हे कुणी सांगितल्याशिवाय कळणारच नाही, तुझं काय चुकलं त्यात. तेव्हापासून मी हे प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगते, तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

ऑफिसकडे थोडक्यात बघू. आपण 'फोन अटेंड केला' म्हणतो, मराठीत ते आता मुरलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इंग्रजीत लिहिताना 'आन्सर्ड द फोन', 'टुक द कॉल'. पेपर अटेंड होत नाही, 'टुक द एक्झाम' किंवा 'सॅट द एक्झाम'. आणि 'सगळे प्रश्न अटेंड केले' म्हणणाऱ्याला अटेम्प्ट म्हणायचं असतं, तो पूर्ण वेगळा शब्द. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका मुलानं परदेशी गिऱ्हाइकाला लिहिलं होतं, 'अवर इंजिनियर अटेंडेड युवर कंप्लेंट'. त्यात टू टाकला तरी ते वाक्य अर्धवटच राहतं. अटेंड टू म्हणजे लक्ष घातलं, दुरुस्त झालं असं त्यात येत नाही. दुरुस्त झालं असेल तर 'फिक्स्ड' किंवा 'रिझॉल्व्हड' लिहायचं. तुमच्या पत्रातही हे लागेल. जखमेकडे लक्ष दिलं हे पुरेसं नाही, 'क्लीन्ड अँड ड्रेस्ड' लिहिलं की नेमकं काय केलं ते वाचणाऱ्याला दिसतं. १८० ते २०० शब्दांत पत्र बसवायचं असतं तेव्हा असा नेमका शब्द फार उपयोगी पडतो.

अजून एक, अटेंडंट आणि अटेंडी आणि अटेंडर. अटेंडी म्हणजे कार्यक्रमाला आलेला माणूस. अटेंडर इंग्लंडमधे नियमित येणारा, आणि मिरज ओलांडून कर्नाटकात गेलात की ऑफिसातला शिपाई.

कोर्टाच्या समन्समधला अटेंड मात्र वजनदार. दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ च्या, साक्षीदारांना बोलावण्याचा जो भाग आहे त्याच्या मथळ्यातच 'अटेंडन्स' हा शब्द आहे. तिथं हजर राहणे हेच भाषांतर, दुसरं काही नाही, लक्ष बिक्ष नाही. हजर नाही राहिलं तर पुढं वॉरंट निघू शकतं.

एक शेवटचा अर्थ राहिला, पाठोपाठ येण्याचा. 'द फ्लड वॉज अटेंडेड बाय डिसीज', महापुराच्या मागोमाग रोगराई आली. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत पाणी होतं तेव्हाचे अहवाल इंग्रजीत करताना मी हा अर्थ वापरलाय, पण तो पुस्तकी आहे. तुम्हाला पत्रात 'असोसिएटेड विथ' किंवा 'फॉलोड बाय' बरा.

आणि एक गोष्ट जी डिक्शनरी सांगत नाही. बोलताना इंग्रज माणूस अटेंड फारसा वापरत नाही. लग्नाला 'आय वेंट टू द वेडिंग', मीटिंगला 'आर यू कमिंग टू द मीटिंग'. इथं टू आहे बघा, कारण तो जाण्या-येण्याचा टू, आपला ला. नाटकाला तर अटेंड नाहीच, 'सॉ अ प्ले'. १८४३ मधे विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं त्या गावातल्या माणसानं 'आय अटेंडेड अ ड्रामा' म्हणावं हे मला सहन होत नाही. वॉर्डात सहकाऱ्यांशी बोलताना गो आणि कम वापरा, अटेंड नोट्ससाठी आणि पत्रासाठी ठेवा. मुलाखतीला गेलात आणि पॅनेलनं विचारलं की बेल वाजली तर काय करता, तर तिथं 'आय अटेंड टू द पेशंट फर्स्ट' म्हणा, हे वाक्य तोंडी पण छान वाटतं, त्यातला टू स्पष्ट उच्चारा, गिळू नका.

तर तुमची तीन वाक्यं अशी होतील. 'आय अटेंडेड द वॉर्ड मीटिंग.' 'आय क्लीन्ड अँड ड्रेस्ड द वूंड', किंवा नुसतं लक्ष दिलं एवढंच सांगायचं असेल तर 'आय अटेंडेड टू द वूंड'. तिसऱ्यासाठी तुम्ही केस नीट दिलेली नाही, पण मजकुरावरून पेशंटची सून होती असं वाटतंय, तसं असेल तर 'द पेशंट्स डॉटर-इन-लॉ वॉज ॲडव्हाइज्ड अबाउट वूंड केअर ॲट होम'. इथं मी काउन्सेल्ड पण काढलंय, कारण तिकडं काउन्सेलिंग म्हटलं की मानसिक आधाराचं समजतात, आणि तुम्ही तर तिला ड्रेसिंग कसं बदलायचं ते सांगत होता. पुढचं पत्र लिहिलंत की पाठवा, पूर्ण केस नोट्ससकट पाठवा म्हणजे नातं वगैरे मला अंदाजानं लिहायला नको.